लाखाचा मॅक की पन्नास हजारांचं विंडोज? सीमाभागातल्या घरांनी आणि दुकानांनी मांडायचा हिशेब

बेळगाव : सीईटीचा निकाल लागला, प्रवेशाची गडबड सुरू झाली की शहरातल्या कॉम्प्युटर दुकानांत दरवर्षी एक ठरलेलं दृश्य दिसतं. मुलगी काचेपलीकडच्या मॅकबुककडे बघत असते आणि आई-बाबा त्याच्या किमतीकडे. "बाबा, एकदाच घ्यायचं तर चांगलं घेऊया," असं ती म्हणते. "अगं, तेवढ्यात दोन येतात की!" असं बाबा म्हणतात. गंमत अशी की दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर असतं.

हा प्रश्न आता फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची मशीनं, ती कितीही व्यवस्थित चालत असली तरी, अधिकृतपणे बाद. छपाईची दुकानं, हिशेबनिसांची कार्यालयं, झेरॉक्स सेंटर, सहकारी सोसायट्या, सगळीकडे अशी जुनी मशीनं अजून चालू आहेत. "आता बदलायचंच आहे, तर कुठलं घ्यायचं?" हा प्रश्न म्हणून गल्लोगल्ली ऐकू येतो.

जादा पैसे नेमके कशाचे?

मार्च २०२५ मध्ये एम ४ चिपचा मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांना आला. त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण होती. दर पुढे-मागे होत राहतात, पण हिशेब समजून घ्यायला हा आकडा सोयीचा आहे.

"ॲपलवाले भारतात लुटतात" ही तक्रार आधी तपासूया. या ९९,९०० रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो बाजूला काढला तर मूळ किंमत साधारण ८४,६६० रुपये राहते. अमेरिकेत याच मॉडेलची करापूर्वीची किंमत ९९९ डॉलर होती. त्यावेळच्या विनिमय दरानं दोन्ही आकडे जवळपास सारखेच पडतात. निदान या मॉडेलपुरती तरी लुटीची तक्रार टिकत नाही.

पण त्याच मॉडेलमध्ये २५६ ऐवजी ५१२ जीबी साठवण घेतली की किंमत थेट १,१९,९०० वर गेली. वाढीव २५६ जीबीला वीस हजार! बाहेर बाजारात तेवढ्या क्षमतेचा एसएसडी तेव्हा याच्या कितीतरी कमी पैशांत मिळत होता. खरी चढी किंमत आहे ती इथं. मॅकमध्ये रॅम आणि साठवण नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक घेतानाच अडतं. ज्याला जागा जास्त लागते त्यानं मूळ मॉडेल घेऊन सोबत बाहेरून जोडायचा एसएसडी वापरावा, हा साधा उपाय बऱ्याच जणांना पुरतो.

विंडोजच्या बाजूलाही सगळं स्वस्त आहे असं नाही. डेल, एचपी, लेनोवो यांचे पातळ, हलके, चांगल्या पडद्याचे लॅपटॉप लाखाच्या पुढं सहज जातात आणि त्यातल्या अनेकांत रॅम बोर्डवरच पक्की केलेली असते. म्हणजे 'विंडोज घेतलं की नंतर वाढवता येतं' हेही प्रत्येक मॉडेलला लागू नाही. तुलना करताना लोक बहुतेकदा लाखाच्या मॅकसमोर चाळीस हजारांचं प्लास्टिकचं मशीन ठेवतात आणि मग मॅक कसा भारी ते सांगतात. बरोबरीच्या किमतीचं विंडोज मशीन समोर ठेवलं तर अंतर बरंच कमी होतं.

वर्षाला किती पडतं ते बघा

घरात फ्रीज घेताना जसा 'किती वर्षं चालेल' हा विचार होतो, तसाच इथं करायला हवा. ९९,९०० चा मॅक सात वर्षं वापरला तर वर्षाला साधारण १४,२७० रुपये पडतात. ५५,००० चा विंडोज लॅपटॉप चार वर्षांत थकला तर वर्षाला १३,७५० रुपये, आणि पाच वर्षं टिकला तर ११,००० रुपये. म्हणजे दुकानात दुप्पट वाटणारी किंमत वर्षांवर विभागली की फरक खूपच खाली येतो. शिवाय जुन्या मॅकला पुनर्विक्रीत बऱ्यापैकी भाव मिळतो.

पण या हिशेबात एक अट लपलेली आहे. मशीन खरंच सात वर्षं वापरायचं आणि कंपनीनं तेवढी वर्षं साथ द्यायची. ॲपलचा अनुभव इथं दोन्ही बाजूंनी बोलका आहे. २०२० च्या मार्चमध्ये इंटेल चिपचा मॅकबुक एअर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जवळपास तितक्याच किमतीला एम १ चिपचा. २०२५ ची मॅक ओएस टाहो ही आवृत्ती एम १ वर चालते, पण त्या इंटेल एअरवर चालत नाही. आठ महिने आधी घेतलेल्याचं मशीन पाच वर्षांत मागं पडलं, नंतर घेतलेल्याचं अजून पुढं चाललंय. टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटचीच आवृत्ती असल्याचं ॲपलनं जून २०२५ मध्ये सांगून टाकलं आहे. तेव्हा जुन्या बाजारात 'मॅक स्वस्तात' म्हणून इंटेल मॉडेल कुणी गळ्यात मारत असेल तर सावध राहावं. जुना मॅक घ्यायचाच असेल तर एम १ किंवा त्यानंतरचाच घ्यावा, आणि आधीच्या मालकानं आपलं ॲपल खातं त्यातून काढलंय ना, हे समोर उभं राहून तपासावं. नाहीतर कुलूपबंद डबा घरी येतो.

सॉफ्टवेअर आधी, मशीन नंतर

व्हीटीयूचं मुख्यालय बेळगावातच, त्यामुळे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी इथं भरपूर. त्यांच्यासाठी सर्वात महत्त्वाची गोष्ट ही की शाखा बघून मशीन घ्यावं. मेकॅनिकलला लागणारं सॉलिडवर्क्स आणि कॅटिया, सिव्हिल-आर्किटेक्चरला लागणारं रेव्हिट ही सॉफ्टवेअर मॅकसाठी बनतच नाहीत. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या आवृत्तीची हुबेहूब जोड नाही. नव्या चिपच्या मॅकवर पूर्वीसारखं बूट कॅम्पनं विंडोज टाकता येत नाही. वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्यात विंडोज चालवता येतं, पण जड थ्रीडी कामाला तो मार्ग भरवशाचा नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पुढं नोकरी करायची असेल तर तिथंही विंडोजच भेटणार.

कॉम्प्युटर सायन्सचं गणित वेगळं. प्रोग्रामिंगला मॅक, विंडोज, लिनक्स तिन्ही चालतात. आयफोनचं ॲप बनवायचं असेल तर मात्र ॲपलचं एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. व्हिडिओ संकलन, संगीत, फोटो यांत रोजचे तास घालवणाऱ्याला मॅकची बॅटरी, शांतपणा आणि पडदा यांचे पैसे वसूल होतात. घरी पडदा आणि कीबोर्ड आधीच असेल तर मॅक मिनीचा विचार करता येतो. एम ४ चिपचा मिनी २०२४ च्या अखेरीस ५९,९०० रुपयांना आला होता. बीकॉमवाल्याला आणि हिशेबनिसाला मात्र टॅली लागतं आणि टॅलीचं घर विंडोजच.

आता विंडोजमध्येही दोन जाती झाल्यात. स्नॅपड्रॅगन चिपचे नवे लॅपटॉप दिवसभर बॅटरी देतात, पण जुने प्रिंटर, जुने स्कॅनर, यूएसबीला लावायचे सॉफ्टवेअरचे लॉक यांचे ड्रायव्हर त्या चिपसाठी बनवलेले नसतील तर ते चालत नाहीत. दुकानदाराला 'इंटेल किंवा एएमडी आहे की स्नॅपड्रॅगन?' हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सीमाभागाचा जादा खर्च

जाहिरातीत नसलेले दोन खर्च इथल्या गिऱ्हाइकाला भरावे लागतात.

पहिला दुरुस्तीचा. ॲपलचं स्वतःचं दुकान सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरू आणि पुण्यात सुरू झालं. बेळगावहून पुणं साधारण साडेतीनशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. अधिकृत सेवा केंद्रं इतर शहरांत असतात, पण कुठलंही मशीन घेण्याआधी 'बिघडलं तर कुठं न्यायचं, किती दिवस लागतात, वॉरंटी घरी येऊन आहे का' हे पक्कं करावं. साध्या विंडोज लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा बॅटरी गावातला कारागीर बदलून देतो. मॅकचा बोर्ड गेला तर त्याच्याकडे इलाज फारसा नसतो, आणि परीक्षेच्या आठवड्यात पंधरा दिवस मशीन हाताशी नसणं हाही खर्चच.

दुसरा खर्च भाषेचा. आज तिन्ही प्लॅटफॉर्मवर युनिकोड मराठी नीट लिहिता येतं, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सगळीकडे आहे. पण इथल्या छपाईचा जुना संसार युनिकोडच्या आधीचा. श्रीलिपी, आयएसएम, पेजमेकर, आणि कन्नड कामाला नुडी, हे सगळं विंडोजच्या आधारानं उभं राहिलं. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ ची, त्यानंतर ॲडोबनं ते पुढं नेलंच नाही. आजच्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल थेट उघडतही नाही. मराठी आणि कन्नड दोन्हींची कामं घेणाऱ्या दुकानानं हौसेनं मॅक आणला तर दुसऱ्याच दिवशी जुनी पत्रिका उघडायला जुनंच मशीन चालू करावं लागतं.

यात दुकानाच्या धंद्यापेक्षा मोठी गोष्ट अडकलेली आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांची पत्रकं, वाचनालयांचे अहवाल, मंडळांचे अंक, गावोगावचा कितीतरी मराठी मजकूर असल्या जुन्या फॉन्टमध्ये आणि जुन्या फायलींत पडून आहे. फॉन्ट नसेल तर तोच मजकूर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. विंडोज १० चं मशीन भंगारात घालण्याआधी त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं आणि पानांची पीडीएफ काढून ठेवणं हे नव्या मशीनच्या निवडीइतकंच महत्त्वाचं काम आहे. सीमाभागात मराठीतल्या कागदाची किंमत काय असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

न घेणं हाही पर्याय

घाईनं खरेदी करायची नसेल तर वाट आहे. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा दुरुस्त्यांसाठी एक वर्ष वाढवून दिलं. जाहीर केलेली ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग जोडली तर त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, पत्रव्यवहार आणि ऑनलाइन अर्ज भरणं चालतं, तिथं एसएसडी टाकून लिनक्स बसवला तर ते आणखी काही वर्षं सुखानं चालतं. हे हौशी लोकांचं खूळ नव्हे. केरळच्या शाळांत 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारित लिनक्स वापरते आणि मुलं त्यावरच शिकतात. टॅली आणि जुनं डीटीपी असलेल्या टेबलावर मात्र लिनक्सचा हट्ट धरू नये.

मग पैसे कुठं घालायचे?

बजेट पन्नास-साठ हजारांचं असेल तर नावाच्या मागं न लागता १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि चांगली वॉरंटी बघावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत, त्यामुळे 'आत्ता ८ जीबी घेऊ, नंतर वाढवू' हा जुना बेत पूर्वीइतका स्वस्त पडत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकानं बिलावर आपला नंबर घालून घ्यावा. धंद्याच्या वापरासाठी घेतलेल्या ९९,९०० च्या मशीनवर साधारण १५,२४० रुपयांचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला आणि घरगुती गिऱ्हाइकाला ही सोय नाही. हप्त्यानं घेणाऱ्यानं 'बिनव्याजी' या शब्दावर न जाता प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर धरून एकूण रक्कम विचारावी.

लाखाचा मॅक त्याला परवडतो, ज्याचं काम त्यावर पूर्ण चालतं, जो तो सहा-सात वर्षं वापरणार आहे आणि बिघडला तर काही दिवस ज्याचं अडत नाही. यातली एक जरी अट सुटत असेल तर जादा पैसे वाया. दुकानात शिरताना लेकीनं कॉलेजच्या सॉफ्टवेअरची यादी हातात ठेवावी, आणि बाबांनी किमतीला वर्षांनी भागून बघावं. अर्ध्या-अर्ध्या बरोबर असलेल्या दोन माणसांचं एकमत तिथंच होईल.