परवानगीचे इंग्रजी

जळगाव-धुळ्याकडील शाळांतून मूल इंग्रजीचे जे पहिले पूर्ण वाक्य म्हणू लागते, ते बहुधा वर्गाच्या दाराशी उभे राहून म्हणावयाचे असते: 'मे आय कम इन, सर?' महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. तेव्हा हे वाक्य आता सहाव्या-सातव्या वर्षीच पाठ होते. त्यात वावगे काही नाही. विद्यार्थ्याने विनयाने वागावे हे आम्हांसही मान्य आहे. आमची तक्रार निराळी आहे. पुढे दहा वर्षे इंग्रजी शिकूनही 'मे' ह्या साहाय्यक क्रियापदाचा ह्याहून मोठा उपयोग त्या मुलास क्वचितच कोणी दाखवितो. आणि 'शॅल'ची ओळख तर 'आय' व 'वुई' यांच्यापुढे भविष्यकाळी येणारे एक जुनाट रूप, एवढीच करून दिली जाते. रिकाम्या जागा भराव्या, गुण घ्यावे आणि विसरून जावे! ज्या शब्दावर ह्या देशातील माणसाचे नागरिकत्व उभे आहे, तो शब्द भविष्यकाळाच्या तक्त्यात पुरून टाकणारे हे अध्यापन आम्हांस नुसते अपुरे नव्हे, तर घातक वाटते.

राज्यघटनेत 'शॅल' हा भविष्यकाळ नाही. ते बंधन आहे. घटनेच्या मराठी प्रतीत चौदाव्या अनुच्छेदाचा शेवट 'नाकारणार नाही' असा होतो. 'उद्या पाऊस पडणार नाही' ह्या वाक्यातले क्रियापदाचे रूपही हेच. मग मुलाने त्यास भाकीत समजावे की काय? आमच्या मते ती शपथ आहे. 'मी खोटे बोलणार नाही' असे म्हणणारा मनुष्य हवामान वर्तवीत नसतो. परंतु हा भेद मुलास कोणीतरी सांगावा लागतो, आणि तो सांगण्याची खरी जागा इंग्रजीचा तास हीच होय, कारण तेथे दोन्ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवता येतात.

ह्या एका क्रियापदाचे मोल केवढे, ते शिक्षणाच्याच हक्कात पाहावे. घटनेच्या मसुद्यातील छत्तिसाव्या अनुच्छेदात प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे, अशा अर्थाचे शब्द होते. 1948 च्या नोव्हेंबरात घटना परिषदेत ते गाळण्याची सूचना आली. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे, तेथे हक्काची भाषा शोभत नाही, असा तिचा आधार होता. आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली. मात्र चौदा वर्षांची मर्यादा खाली आणण्यास त्यांनी त्याच वेळी नकार दिला. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात कामास लावावयाचे नाही, तर त्या वयात त्याने शाळेत असावे, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात राज्य दहा वर्षांच्या आत तसा 'प्रयत्न करील' एवढेच उरले. 'शॅल' होताच, पण बंधन देण्याचे नव्हे, प्रयत्न करण्याचे. ती दहा वर्षे 1960 साली संपली. प्रयत्न करण्याऐवजी देण्याचे बंधन घटनेत यावयास 2002 सालची शहाऐंशीवी दुरुस्ती उजाडावी लागली, आणि तदनुसार केलेला कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. एका क्रियापदाच्या अंतरात पिढ्या निरक्षर राहिल्या. शिवाय नव्या एकविसाव्या-'क' अनुच्छेदात एक 'मे' दडलेला आहेच: हे शिक्षण कोणत्या रीतीने द्यावयाचे, ते ठरविण्याची मुभा राज्यास आहे. असे वाक्य आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे का ठेवू नये?

येथे कोणी म्हणेल, की व्याकरण ते व्याकरण आणि नागरिकशास्त्र ते नागरिकशास्त्र. दोहोंची खिचडी कशास? अशा सद्गृहस्थांनी एकवार चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जावे. तेथील पावरा-भिल्ल कुटुंबाचे शेत 2006 च्या वनहक्क कायद्यातील एका 'शॅल'वर टिकून असते: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्यास जमिनीवरून हुसकावता येत नाही. हे जाणणारा मनुष्य कचेरीत गेला, की कोणत्या कलमान्वये, असे विचारतो. न जाणणारा 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' असा विनंतीअर्ज लिहितो, आणि त्याचा जो निकाल लागतो तो वाचकांस ठाऊक आहेच.

शब्दसंग्रहाची गत ह्याहून बरी नाही. खानदेशात 'सिव्हिल' म्हणजे सरकारी दवाखाना! त्याच शब्दाचे मराठीत न्यायालयापुढे 'दिवाणी' होते, हक्कापुढे 'नागरी' होते आणि कायदेभंगापुढे 'सविनय' होते. त्या सविनय कायदेभंगाच्या काळात, 1932 साली, धुळ्याच्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आमच्याकडे पोरासोरांस ठाऊक असते. परंतु 1955 चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1976 पासून 'नागरी हक्क संरक्षण' ह्या नावाने चालतो, हे पदवीधरांसही सांगावे लागते. 'हक्क' शब्दाचीही मौज आहे. गावगाड्यात हक्क म्हणजे वतनदाराचा धान्याचा वाटा. तो जातीने मिळे, आणि महाराच्या बाबतीत त्याबरोबर वेठही येई. 1958 च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली. आज हक्क माणूस म्हणून मिळतो. जुना शब्द नव्या अर्थाने वापरताना हा फरक उघड करून न सांगणारे शिक्षण कोणाच्या सोयीचे आहे?

आमच्या मध्यमवर्गीय घरांतून इंग्रजी हवे असते ते मुलाखतीसाठी. त्याकरिता संभाषणाच्या वर्गांवर पैसा खर्च होतो आणि मूल 'कुड यू प्लीज' सफाईने म्हणू लागते. आर्जव आणखी गोड झाले, इतकेच! ह्याच खानदेशात, फैजपूरला, 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि तेथे 1935 चा कायदा नाकारून घटना परिषदेची मागणी केली गेली. पुढच्याच वर्षी, 31 जुलै 1937 रोजी, बाबासाहेब आंबेडकर एका दाव्याच्या कामी धुळ्यास आले आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले. दर वर्षी त्या दिवशी तेथे लोक जमतात. शाळांनीही मुलांना तेथे न्यावे. पण नेण्याच्या आदल्या दिवशी इंग्रजीच्या शिक्षकांनी एकविसावा-'क' अनुच्छेद फळ्यावर लिहावा, 'शॅल' आणि 'मे' ह्यांखाली रेघ मारावी, आणि पुरा एक तास त्यावरच घालवावा.