पालथा पेला

काचेचा पेला पालथा धरून बादलीत सरळ खाली दाबला, की त्याच्या बुडाशी कोंबलेला कागद कोरडाच राहतो. हा प्रयोग शाळेत आपण सर्वांनी पाहिलेला आहे. हवा जागा अडवते, एवढे वहीत लिहून आपण पुढच्या धड्याकडे वळलो. त्या पेल्यात कागदाच्या जागी माणूस असला तर काय होईल, हे गुरुजींनी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

२६ मे २०१३ च्या पहाटे नायजेरियाच्या किनाऱ्याजवळ ‘जॅस्कॉन-४’ नावाची टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणारी बोट, खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सुमारे ३० मीटर खोल तळाशी जाऊन बसली. बोटीवर १२ माणसे होती. चाच्यांच्या भीतीने रात्री खोल्यांची दारे आतून बंद करून झोपण्याची तिथे शिस्त होती. तीच शिस्त त्या पहाटे बहुतेकांच्या जिवावर उठली असावी. हॅरिसन ओकेने हा स्वयंपाकी तेवढा शौचालयात होता. अंधारात चाचपडत तो अशा एका खोलीत पोचला, जिथे पाणी वरच्या टोकापर्यंत भरले नव्हते. अंगावर नुसती चड्डी, घशाला ओल म्हणून कोकाकोलाची एक बाटली, आणि भोवती गार खारे पाणी. अशा स्थितीत त्याने सुमारे साठ तास काढले. मग पाणबुडे आले. ते त्याला सोडवायला आले नव्हते, प्रेते वर काढायला आले होते. कॅमेऱ्याच्या उजेडात एक हात दिसला, तो प्रेताचा समजून पाणबुड्याने धरला, आणि त्या हातानेच पाणबुड्याचा हात घट्ट धरला!

त्या क्षणाचे चित्रण जगभर पाहिले गेले आणि जगभर एकच शब्द उमटला, ‘चमत्कार’. माझे भांडण त्या शब्दाशी आहे. कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थ्याने हवापाण्याच्या शास्त्रात कशाला नाक खुपसावे? परंतु शब्द हा तर आमचाच प्रांत आहे, आणि एखादा शब्द चुकीच्या जागी बसून लोकांना विचार करण्यापासून परावृत्त करत असेल, तर ते सांगण्याचा अधिकार आम्हालाही आहे.

आधी त्या हवेकडे पाहू. पाण्याखाली अडकलेल्या माणसाला प्राणवायू संपल्याने मरण येते, असा सर्वसाधारण समज आहे. खरा वैरी त्याच्या आधीच येतो, आणि तो बाहेरून येत नाही. आपण स्वतःच त्याला दर श्वासागणिक बाहेर सोडत असतो. एक घनमीटर जागा, म्हणजे घरातल्या पोलादी कपाटाएवढी, बंद आहे असे समजा. आत स्वस्थ बसलेल्या माणसाचा कर्बवायू चारेक तासांत पाच टक्क्यांच्या घरात जातो. डोके ठणकू लागते, धाप लागते, विचार भरकटतात. प्राणवायू तेव्हा अजून पंधरा टक्के शिल्लक असतो! कर्बवायू दहा टक्क्यांपुढे गेला की शुद्ध हरपते. घाबरून धडपडणाऱ्याची मुदत तर याहून कमी. तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत चौपट प्राणवायू मावतो हे खरे; पण कर्बवायूच्या विषाला ही सवलत लागू नाही. ओकेनेची जागा त्या मानाने ऐसपैस होती, आणि समुद्राचे पाणी हा वायू थोडाफार शोषून घेते, म्हणून त्याचा हिशेब लांबला.

दुसरा वैरी गारठा. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने खेचून घेते.

तिसरा वैरी सर्वांत कपटी, कारण तो सुटकेच्या क्षणी घाव घालतो. दाबाखाली श्वास घेणाऱ्याच्या रक्तामांसात नायट्रोजन मुरत जातो. अशा माणसाला एकदम वर आणले, तर गोळीच्या सोड्याची बाटली फोडल्यावर जे होते ते त्याच्या शरीरात होते. ओकेनेला हात धरून सरळ वर नेले असते तर तो किनारा पाहण्याआधीच मेला असता. त्याला पाणबुड्यांच्या घंटेतून वर आणले आणि दाबाच्या बंद कोठडीत सुमारे अडीच दिवस ठेवून तो दाब हळूहळू उतरवला. आता सांगा, यात चमत्कार किती आणि माणसांची तयारी किती? बोट उलटताना तो नेमका योग्य जागी होता, हे नशीब. त्यापुढचे सारे कोणीतरी आधी शिकून ठेवलेले, पैसे खर्चून जहाजावर आणून ठेवलेले होते.

(जाता जाता एक सांगतो. मोटार पाण्यात पडली तर छताशी हवा राहील, तोवर धीराने बसावे, असे चित्रपट पाहून मानणारे बरेच भेटतात. त्या हवेच्या भरवशावर कोणी बसू नये. गाडी तरंगते ती जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात पट्टा सोडून खिडकीतून बाहेर पडावे.)

नशिबाने हवा दिली आणि माणसांकडे उपाय नव्हता, म्हणजे काय होते? ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. ‘ओक्लाहोमा’ युद्धनौका उलटली आणि तिच्या पोटातून ठोके ऐकू येऊ लागले. पत्रा कापावा तर आतली दाबलेली हवा फुस्सकन बाहेर आणि पाणी वर. ज्योतीने कापावा तर धुराने आतली माणसे गुदमरतात, आणि तसे घडलेही. तरी गोदीच्या कामगारांनी ३२ जण जिवंत काढले. शेजारच्या ‘वेस्ट व्हर्जिनिया’च्या एका हवाबंद कोठारात तिघे होते. त्यांच्यापाशी अन्न होते, पाणी होते. ठोके बाहेर ऐकू येत होते. पण जहाज तळाशी बसलेले, पोचण्याची वाट नाही. पुढच्या वर्षी जहाज वर काढले तेव्हा प्रेतांजवळ एक दिनदर्शिका सापडली. २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर खुणा केलेल्या होत्या. सोळा दिवस! ओकेनेचा जर चमत्कार, तर या तिघांवर देवाचा राग होता असे म्हणायचे काय? मला तरी ते म्हणवत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीत पाणी घुसले. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून रुंद भोक पाडवून घेतले, पोलादी पिंजरा बनवून घेतला, स्वतः त्यातून खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवले. इथे नशिबाची वाट न पाहता माणूस खाली गेला.

आणि २०१८ साल. जून-जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यामागे अडकले. प्राणवायू पंधरा टक्क्यांवर उतरला होता. जगभरचे पाणबुडे धावले, त्यांतला एक प्राणास मुकला. पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही गेले. तेरांचे तेरा बाहेर आले. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मेघालयातल्या क्सान येथे कोळशाच्या बिळासारख्या खाणीत नदीचे पाणी शिरले आणि १५ मजूर आत राहिले. अशा खाणींवर २०१४ पासून बंदी होती. तिथे चालवलेले पंप तोकडे होते, आणि मोठे पंप पोचेपर्यंत दोन आठवडे उलटले. आत कुठे हवा उरली होती काय, हे कोणालाच कळले नाही. मृतदेह मिळाले ते दोन. मार्च २०१९ मध्ये शोध थांबवण्यात आला.