काच फोडण्याचा आपद्धर्म

आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात द्वारपूडी नावाचे गाव आहे. १८ मे २०२५ रोजी, रविवारी, खेळायला म्हणून घराबाहेर पडलेली चार लहान मुले गावातच उभ्या असलेल्या एका मोटारीत शिरली. दारे लागली, ती त्यांना पुन्हा उघडता आली नाहीत. शोधाशोध करून मुले सापडली तेव्हा चौघांपैकी एकही जिवंत नव्हते. त्याच्या महिनाभर आधी तेलंगणातील रंगारेड्डी जिल्ह्यात, लग्नाच्या निमित्ताने जमलेल्या कुटुंबातील दोन चिमुरड्या अंगणातल्या गाडीत अशाच दगावल्या. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात एका पडीक मोटारीत पाच आणि सात वर्षांची भावंडे मृत आढळली. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन, जून २०२२ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात तीन, मे २०२१ मध्ये बागपत जिल्ह्यात चार. बातमी आतल्या पानावर येते, दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सारे काही विसरले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात सर्पदंशाचा रकाना आहे, वीज पडून झालेल्या मृत्यूंचा आहे. बंद मोटारीत गेलेल्या बालकांचा मात्र नाही. ज्याची गणतीच होत नाही, त्याची चिंता शासनाने करावी तरी कशी?

अमेरिकेत अशी गणती होते. तेथे १९९८ पासून आजवर हजाराहून अधिक बालके तापलेल्या मोटारीत मृत्युमुखी पडली आहेत. वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना त्यांच्या पालकांनी किंवा सांभाळणाऱ्यांनी गाडीत चक्क विसरून ठेवले होते. हे वाचले की आपल्याकडील अनेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. चंगळवादी समाज, विस्कटलेली कुटुंबे, आईबापांना पोटच्या पोराची शुद्ध नाही! पाश्चात्त्य कुटुंबव्यवस्थेच्या पडझडीविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या विषयात ही प्रतिक्रिया उथळ आहे आणि घातकही आहे, कारण ती आपल्याला निर्धास्त करते.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड डायमंड यांनी अशा घटनांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांचे प्रतिपादन असे, की सवयीची स्मृती आणि ‘पुढे अमुक करायचे आहे’ ही स्मृती या मेंदूच्या वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. रोजच्या रस्त्याने कार्यालयाकडे निघालेल्या थकलेल्या, अपुऱ्या झोपेच्या माणसावर सवयीची यंत्रणा कब्जा करते आणि वाटेत पाळणाघरात मूल सोडायचे आहे, ही आठवण पुसली जाते. मागच्या आसनावर झोपलेले मूल आवाज करत नाही. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, नव्वदच्या दशकात हवेच्या पिशव्यांपासून मुलांना इजा होऊ नये म्हणून त्यांची आसने मागे नेण्यात आली, तान्ह्या मुलांची तोंडे मागच्या बाजूला वळवण्यात आली. आणि सुरक्षिततेच्या त्या उपायानेच मूल चालकाच्या नजरेआड झाले. यात प्रेमाचा अभाव कोठे आहे?

आणि आपले काय? मे २०२४ मध्ये राजस्थानातील कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेले. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावायला गेले. तीन वर्षांची धाकटी आईबरोबर आहे असे वडिलांना वाटले, वडिलांबरोबर आहे असे आईला वाटले. मांडवात नातेवाईकांचा गोतावळा होता. मूल कोणाच्या तरी कडेवर असेलच, ही भावना अशा ठिकाणी फार स्वाभाविक असते. मूल गाडीतच होते. ज्या एकत्र कुटुंबाचा आपण सार्थ अभिमान बाळगतो, तेथे मूल सगळ्यांचे असते हे खरेच. पण सगळ्यांचे असलेले मूल एखाद्या क्षणी कोणाच्याच हाती नसते, हेही कोट्याच्या त्या मांडवात दिसले.

तथापि आपल्याकडील बहुसंख्य घटना विसरण्याच्या नाहीत, खेळता खेळता अडकण्याच्या आहेत. ज्यांच्या घरी मोटार नाही अशा वस्तीतील मुलांना दारात उभी असलेली गाडी म्हणजे अपूर्वाईचे खेळणे असते. मालक गाडीला कुलूप न लावता निघून जातो. मागच्या दाराला ‘चाइल्ड लॉक’ नावाची सोय असते. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच केलेली ही कळ लावलेली असेल तर दार आतून उघडत नाही. पुढच्या आसनावर जाऊन पुढचे दार उघडावे, हे चार वर्षांच्या जिवाला कोणी सांगितलेले नसते. भोंगा दाबावा हेही नसते. मोटार मध्यमवर्गाची आणि मूल झोपडीतले, अशी ही वाटणी आहे. ती अप्रिय वाटली तरी लक्षात घ्यावीच लागेल.

अशा मोटारीत नेमके काय घडते? सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आसने आणि पुढची फळी तापते आणि ती उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वैद्यकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तासाभरात मोटारीतील तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलेले आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. हे प्रयोग भर उन्हाळ्यातच केले होते असेही नाही; बाहेर जेमतेम २२ अंश असलेल्या आल्हाददायक दिवशीही हेच घडले. विदर्भातील मे महिन्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. बालकाचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. अंगाचे तापमान ४० अंशांवर गेले की उष्माघात, आणखी दोन अंश चढले की अवयव निकामी होऊ लागतात. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मूल गाडीत ठेवून दुकानात शिरणाऱ्याने दुकानातली रांग आठवून पाहावी.

येथे प्रश्न येतो वाटसरूचा. बंद काचेआड निपचित पडलेले मूल त्याला दिसले, तर त्याने काय करावे? काच फोडावी, हे उत्तर घरी बसून देणे सोपे आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर माणूस घुटमळतो. परक्याच्या वस्तूला हात लावू नये हा संस्कार त्याच्यात खोल रुजलेला असतो. मालक येईल, नुकसानभरपाई मागेल, पोलीस ठाण्याच्या चकरा होतील, ही भीती असते. त्याहून भयंकर अशी आणखी एक भीती आहे. अनोळखी माणसाने मोटारीची काच फोडून लेकरू उचलले, हे दृश्य दुरून पाहणाऱ्या जमावाला काय वाटेल? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठेचून मारण्यात आले. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाच्या हातून मारले गेले. जो समाज संशयाने आंधळा होतो, तेथे संकटातील मुलाकडे धावणारे हातही आखडतात. अफवेविरुद्ध उभे राहणे आणि काचेआडचे मूल वाचवणे ही दोन निराळी कामे नाहीत.

कायद्याचा धाक मात्र बराचसा अनाठायी आहे. अधिक मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्ह्याचा हेतू नसताना, सद्भावनेने केलेले नुकसान हा गुन्हा ठरत नाही, असे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ८१ वे कलम सांगत होते. मोठ्या आगीत माणसे वाचावीत म्हणून शेजारची घरे पाडणाऱ्याचे उदाहरण त्या कलमाखालीच दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम १९ म्हणून कायम आहे. दंड संहितेचा मूळ मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली तयार झाला होता. त्याच्या शिक्षणनीतीची फळे आपण अजून भोगत आहोत. पण हे कलम त्याने परक्या मातीतून आणले असे मानायचे कारण नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र उपपर्वच आहे. भीषण दुष्काळात प्राण वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या झोपडीतून अभक्ष्य मांस उचलायला निघालेल्या विश्वामित्रांची कथा त्यातच येते. प्राण जात असताना मालकीहक्काचा नियम बाजूला सारावा, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. काचेची किंमत ती काय?

उणीव आहे ती स्पष्टतेची. रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘१३४ क’ हे संरक्षण मिळाले; पण उभ्या गाडीत गुदमरणारे मूल हा काही अपघातग्रस्त नव्हे, असा अर्थ कोणीही लावू शकेल. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१४ साली याविषयी थेट कायदा केला. गाडी बंद आहे आणि दुसरा मार्ग नाही याची खात्री करावी, आधी पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला कळवावे, गरजेपुरतीच तोडफोड करावी, मालकासाठी काचेवर चिठ्ठी ठेवावी आणि मदत येईपर्यंत मुलाजवळ थांबावे. एवढे करणाऱ्याकडे भरपाई मागता येत नाही. इटलीने चार वर्षांखालील मुलांच्या आसनाला इशारा देणारे उपकरण बंधनकारक केले. शाळेच्या बसमध्ये मुले अडकून दगावल्यानंतर जपानने एप्रिल २०२३ पासून बालवाडीच्या बसगाड्यांत अशी यंत्रणा सक्तीची केली. ती बंद करण्यासाठी चालकाला बसच्या मागच्या टोकापर्यंत जावे लागते, म्हणजे प्रत्येक आसन आपोआप पाहिले जाते. आपल्या शाळांच्या बसगाड्यांना असे एक बटण बसवण्यास कोणत्याही महासत्तेचे तंत्रज्ञान लागत नाही. राज्य शासनाने त्यासाठी आणि काच फोडणाऱ्यावर गुन्हा न नोंदवण्यासाठी एक परिपत्रक काढले, तरी पुष्कळ काम होईल.

परंतु परिपत्रकाची वाट पाहत बसणे हा संघटित समाजाचा स्वभाव नव्हे. सेवावस्त्यांमध्ये ज्यांचे काम आहे त्यांना कोणत्या गल्लीत कोणती पडीक गाडी किती महिने उभी आहे हे ठाऊक असते. ती हलवण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा, हलेपर्यंत तिची दारे पक्की बंद करून घ्यावीत. बालशाखेत आणि संस्कारवर्गात गोष्टीबरोबर हेही शिकवावे, की गाडीत अडकले तर पुढच्या आसनावर जायचे, दार उघडून पाहायचे, भोंगा दाबत राहायचे. अनेक गाड्यांचा भोंगा किल्लीशिवायही वाजतो. मूल हरवल्याची हाक आली, की विहिरीबरोबरच आसपासच्या प्रत्येक मोटारीत आणि तिच्या डिकीत पाहावे. लग्नसमारंभात मुलांच्या मोजणीची जबाबदारी एका आजीवर किंवा मामावर नाव घेऊन सोपवावी. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी उतरताना मागचे आसन पाहावे, कुलूप लावावे, किल्ली मुलांच्या हाती पडू देऊ नये.

आणि मूल दिसलेच तर? आधी चारही दारे ओढून पाहावीत. ११२ क्रमांकावर कळवावे, जवळच्या दोघांना हाक मारून साक्षीला उभे करावे. राईनपाड्याच्या भीतीवर तोच उतारा आहे. मूल निपचित असेल तर मालकाच्या शोधात वेळ दवडू नये. पुढची मोठी काच थरांची असते, ती सहज फुटत नाही. मुलापासून सर्वांत दूरची बाजूची खिडकी निवडावी आणि हाताला कापड गुंडाळून तिच्या कोपऱ्यावर टोकदार, कठीण वस्तूने घाव घालावा. मुलाला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.

नगरांतील कार्यकर्त्यांनी मार्चअखेरपर्यंत आपापल्या सोसायट्यांचे पहारेकरी, शाळेच्या बसचे चालक आणि मदतनीस यांना एकत्र बोलावून एखाद्या भंगारातल्या मोटारीवर याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. तासाभराचे काम आहे, आणि उन्हाळा तोंडावर येण्याआधीच ते उरकलेले बरे.