चोवीस तासांच्या आत

१४ डिसेंबर १९९३ रोजी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवलं. आयोग स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पोलिसांच्या ताब्यात कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणावर बलात्कार झाला, तर जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी चोवीस तासांच्या आत आयोगाला कळवावं, एवढीच त्यात मागणी होती. शिवाय एक ताकीद होती: वेळेत कळवलं नाही, तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असं समजण्यात येईल.

आयोगाने गेल्या तीन दशकांत जे जे केलं, त्यात मी या पत्राला सर्वांत वरचं स्थान देईन. कोठडीतला मृत्यू ही तोवर तालुक्याच्या हद्दीतच मिटणारी गोष्ट होती. छातीत कळ आली, टॉवेलने गळफास घेतला, पळताना पडला. ठाण्याच्या डायरीत एक ओळ, घाईघाईने शवविच्छेदन आणि बंदोबस्तात अंत्यसंस्कार. मेलेला माणूस बहुतेकदा पारधी, वडार, दलित, मुसलमान किंवा नुसताच गरीब. त्याच्या बायकोला पंचनाम्याची प्रत मागता येते हेही ठाऊक नसायचं. या पत्रानंतर त्या मृत्यूला दिल्लीत निदान एक क्रमांक मिळू लागला आणि त्या क्रमांकाखाली शवविच्छेदनाचा आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मागवला जाऊ लागला. १९९५ मध्ये आयोगाने तुरुंगातले मृत्यूही यात घेतले आणि शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला राज्यांना सांगितलं. मार्च १९९७ मध्ये न्या. एम. एन. वेंकटचलय्या अध्यक्ष असताना पोलीस चकमकींत होणाऱ्या मृत्यूंची नोंद आणि तपास कसा व्हावा, याची सूत्रं राज्यांना गेली.

यातलं काहीही शिक्षा नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले; पण चौकशीअंती आयोग करतो ती शिफारस. भरपाई द्या, खटला भरा, कारवाई करा. सरकारने ऐकलं नाही तर आयोग सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जाऊ शकतो. दात नसलेली संस्था म्हणून या आयोगाची हेटाळणी आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ती अर्धी खरी आहे. मला मात्र वाटतं, प्रश्न दातांचा कमी आणि विचारण्याच्या इच्छेचा जास्त आहे. ज्या ज्या वेळी आयोगाने हट्टाने विचारलं, त्या त्या वेळी याच तोकड्या कायद्यातून वाट निघाली.

अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांचं उदाहरण घ्या. कप्ताई धरणाने पूर्व पाकिस्तानातली त्यांची घरंदारं बुडवली आणि १९६४ पासून ते भारतात आले. १९९५ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना ३१ डिसेंबरच्या आत राज्य सोडून जा असं बजावलं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: जगण्याचा हक्क फक्त नागरिकाचा नाही, माणसाचा आहे, आणि चकमांच्या जिवाची जबाबदारी राज्य सरकारची आहे. सुमारे ६५ हजार माणसांच्या बाजूने उभं राहणारा तो अर्ज दिल्लीतल्या या ‘दात नसलेल्या’ कार्यालयाने केला होता.

दुसरी गोष्ट थेट मुंबईपर्यंत येते. गुजरातच्या दंगलीत १ मार्च २००२ च्या रात्री वडोदऱ्यात बेस्ट बेकरी पेटवली गेली, चौदा माणसं मेली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. जे. एस. वर्मा त्याच महिन्यात गुजरातेत जाऊन आले होते आणि राज्य सरकार नागरिकांचं रक्षण करण्यात कमी पडलं, हे आयोगाने लेखी नोंदवलं होतं. जून २००३ मध्ये जलदगती न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फिरले आणि एकवीसच्या एकवीस आरोपी सुटले. खटला इथेच संपायचा. पण न्या. ए. एस. आनंद अध्यक्ष असलेला आयोग महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं होतं की साक्षीदारांना संरक्षण नव्हतं, तर त्याला खटला म्हणताच येणार नाही. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितलं. मुंबईच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप सुनावली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना सोडलं, चौघांची शिक्षा कायम केली. हा खटला सरळ रेषेत गेला नाही, मुख्य साक्षीदार तरुणीने मधेच पुन्हा जबाब बदलला आणि त्यासाठी तिलाही तुरुंगात जावं लागलं. तरीही मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सरकारी वकील, सरकार आणि पोलीस तिघेही जिथे थांबले, तिथून एका सरकारी संस्थेनेच सरकारला पुढे ओढलं.

जातीच्या बाबतीतही एकदा असा ताठ कणा दिसला होता. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बन इथे वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. जात म्हणजे वंश नव्हे, सबब या परिषदेत तो विषय नको, ही भारत सरकारची भूमिका. आयोगाने त्याच व्यासपीठावर सांगितलं की भेदाला नाव काय द्यायचं यात अडकू नका, तो टिकून आहे याकडे बघा. डर्बनमध्ये त्या वेळी देशभरातले दलित कार्यकर्ते घोषणा देत होते. आपल्याच देशाची एक अधिकृत संस्था आपल्या बाजूचं बोलते आहे, याचा त्यांना काय आधार वाटला असेल! पुढे २००४ मध्ये के. बी. सक्सेना यांचा दलितांवरील अत्याचारांबद्दलचा अहवाल आयोगाने प्रसिद्ध केला. गुन्हा नोंदवायलाच टाळाटाळ, नोंदवला तर अॅट्रॉसिटीचं कलम न लावणं, तपास लांबवणं. गावोगावचे कार्यकर्ते जे सांगत आले, ते सगळं त्यात आहे. त्यातल्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, हे कुणीतरी आयोगालाच विचारायला हवं.

पंजाबात मात्र आयोग उणा पडला, आणि हे सांगितल्याशिवाय वरचं कौतुक प्रामाणिक ठरणार नाही. बँकेत नोकरी करणारे जसवंतसिंग खालरा यांनी अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या नोंदी धुंडाळल्या आणि पोलिसांनी ‘बेवारस’ म्हणून जाळलेल्या प्रेतांचा हिशेब बाहेर काढला. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनाच उचलण्यात आलं आणि नंतर मारण्यात आलं. त्यासाठी पुढे पोलिसांना शिक्षा झाली. केंद्रीय तपासात तीन स्मशानांतली २,०९७ प्रेतं निघाली, त्यातल्या १,२३८ जणांची ओळखही पटलेली नव्हती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारं प्रकरण आयोगाकडे सोपवलं. आयोगाने स्वतःला त्या तीन स्मशानांपुरतं बांधून घेतलं, वर्षांमागून वर्षं सुनावण्या घेतल्या आणि अखेर वारसांना रक्कम वाटली. ताब्यात असताना मेलेल्यांच्या वारसांना अडीच लाख, इतरांना पावणेदोन लाख. ती माणसं कशी मेली आणि कुणी मारली, हा प्रश्न तसाच राहिला. आपलं पोर का मेलं हे ज्या आईला ऐकायचं होतं, तिच्या हातात धनादेश आला.

हीच सवय मला आज सर्वांत धोक्याची वाटते. कोठडीतल्या मृत्यूत आयोगाची शिफारस बऱ्याचदा काही लाखांच्या भरपाईवर थांबते. ती रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून जाते आणि ज्याने काठी चालवली त्याची बढती अडत नाही. पोलिसांवरच्या आरोपांचा तपास आयोगात करतात तेही प्रतिनियुक्तीवर आलेले पोलीसच. लष्कर आणि निमलष्करी दलांविषयी तर कायद्यानेच हात बांधले आहेत: आयोगाने केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि त्यावर मत द्यायचं. अशा संस्थांना दर्जा देणाऱ्या जागतिक आघाडीने २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं ओळीने आपल्या आयोगाची फेरमान्यता लांबणीवर टाकली. पोलिसांकडून होणारा तपास आणि नेमणुकांची पद्धत हे आक्षेप त्यात होते. जून ते डिसेंबर २०२४ आयोगाला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. अध्यक्षाची मुदत कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतं. मग खुर्ची सहा महिने रिकामी का राहावी?

त्याच रिकाम्या महिन्यांत, डिसेंबर २०२४ मध्ये, परभणीत कायद्याचं शिक्षण घेणारा एक वडार तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. कोठडीत मारहाण झालीच नाही, असं विधानसभेत सांगण्यात आलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे गेला आणि आयोगाने पोलिसांना नोटीस काढली. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मात्र जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि तोही त्याच्या आईने दार ठोठावल्यावर. बेस्ट बेकरीच्या वेळी आयोग स्वतः न्यायालयात गेला होता. परभणीच्या वेळी ती पायरी एका शोकात असलेल्या बाईला चढावी लागली. हा फरक आपण सहज गिळता कामा नये.

दंडाधिकाऱ्यांचे हे अहवाल मृताच्या घरच्यांना मराठीत आणि न मागता मिळायला हवेत. तपासासाठी आयोगाकडे स्वतःची, पोलीस खात्यात परत न जाणारी माणसं हवीत. दोन्ही गोष्टींना फार पैसा लागत नाही.

तोवर ज्यांना गरज आहे त्यांनी आयोगाकडे जरूर जावं. अर्जाला शुल्क नाही, वकील लागत नाही, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते, म्हणजे मराठी चालते. निनावी किंवा मोघम अर्ज पहिल्याच पायरीवर निकाली निघतात, म्हणून तारीख, ठिकाण, ठाण्याचं नाव आणि काय घडलं ते स्वच्छ लिहा. तेच प्रकरण राज्य आयोगापुढे असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, तेव्हा कुठे जायचं ते आधी ठरवा. अर्जाची प्रत आणि पोच जपून ठेवा. आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. त्यानंतर चौकशी करायला कायदा आयोगाला मोकळीक देत नाही.