करदात्यांच्या पैशावर पेन्शन? वणीचा जुना हिशेब

१/ जुन्या निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास फेकला जातो : सरकारी नोकरांच्या म्हातारपणाचा भार करदात्याने का वाहावा? प्रश्न रास्त आहे. मात्र विचारणाऱ्यांना वाटतो तितका तो नवा नाही, आणि इतिहासातून निघणारे त्याचे उत्तर त्यांच्या सोयीचेही नाही.

२/ वणी आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. १९०५ पर्यंत मात्र हा जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जाई. इंग्रजी दप्तरांत त्याचे 'वून' झाले होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले, ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकबाकीपोटी आणि पुढच्या खर्चासाठी. म्हणजे वणीच्या काळ्या जमिनीत कापूस पिकवणाऱ्या कुणब्याचा शेतसारा अशा फौजेवर खर्च होऊ लागला, जी त्याने कधी मागितली नव्हती. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. तेव्हाही कुणब्याला कोणी विचारले नाही.

३/ त्याच काळात भारताच्या महसुलातून 'होम चार्जेस' या नावाखाली इंग्लंडला मोठी रक्कम जात असे. मायदेशी परतलेल्या गोऱ्या मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने हा तिचा एक ठळक भाग होता. दादाभाई नौरोजींनी त्यावर आयुष्यभर टीका केली. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना याच खर्चाची चिरफाड केली. त्यांचा आक्षेप नीट वाचला पाहिजे. निवृत्तिवेतन देऊ नये, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पैसा आणि अनुभव दोन्ही देशाबाहेर जातात आणि पैसे भरणाऱ्याला त्यात आवाज नसतो, हे त्यांचे दुखणे होते.

४/ ही कसोटी आज वणी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला लावून पाहावी. त्याचे काम इथेच झाले, त्याने शिकवलेली मुले इथलीच आणि त्याच्या वेतनाचा निर्णय निवडून आलेल्या विधिमंडळाचा. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरची कृपा नव्हे. ते केलेल्या सेवेचे देणे आहे. सेवा घेतली करदात्याने. मग देणेही त्याचेच. यात भीक कुठे आली?

५/ तरीही या देण्यात भयंकर पंक्तिभेद आहे. एकट्या वणीत तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या शिक्षकाला शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि वर महागाई भत्ता. त्या तारखेनंतर लागलेल्याच्या पगारातून १० टक्के कपात आणि पुढचे सारे बाजाराच्या हवाली. वणी आगाराचा एसटी वाहक ईपीएस-९५ खाली येतो. तिथे मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के जमा होतात, तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेतल्या पगारावर. २०१४ मध्ये ठरलेले किमान निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये. राजूर, उकणी, निलजई, कोलारपिंपरीच्या कोळसा कामगाराची तिसरीच तऱ्हा : १९९८ ची कोळसा खाण निवृत्तिवेतन योजना, जिला महागाई भत्त्याची जोड नाही.
खाणी राष्ट्राच्या, बस राज्याची, शाळा जिल्हा परिषदेची. करदाता मात्र एकच.

६/ 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील कर्मचारी संपावर गेले. मागणीमागचा संताप खरा होता. पण त्या घोषणेत एक गोष्ट लपलेली आहे. जुन्या योजनेत सेवेच्या काळात सरकार कोणताही निधी बाजूला काढत नव्हते. आजच्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन वीस-तीस वर्षांनंतरचा करदाता भरणार होता. तो करदाता आज पाळण्यात आहे किंवा अजून जन्मलाही नाही. त्याला कोणी विचारले? गोखल्यांच्या आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग इथे नेमका लागू पडतो, आणि संघटनांचे पुढारी तो सोयीने विसरतात.

७/ म्हणून करदात्याने वाटा उचलावाच, पण ज्या वर्षी सेवा घेतली त्याच वर्षी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रापाठोपाठ महाराष्ट्रानेही एकीकृत योजना स्वीकारली. केंद्राच्या रचनेत कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १८.५ टक्के आणि २५ वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या पगाराची हमी आहे. दिशा योग्य आहे. सरकारी वाटा दरवर्षी खरोखर जमा होतो की नाही, हे अर्थसंकल्पात छापले जायला हवे. कारण २००५ नंतरच्या अनेक शिक्षकांची तक्रार हीच होती की कपात झाली, पण हिशेब मिळेना.

८/ आता प्रश्न विचारणाऱ्या 'करदात्या'कडे वळू. तो म्हणजे केवळ आयकर भरणारा नोकरदार, हा समज खोटा. वणीच्या बाजारात साबण घेणारी शेतमजूर बाई जीएसटी भरते. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनात तिचेही पैसे आहेत. ती पासष्ट वर्षांची झाली आणि कागदपत्रे जुळली, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून तिला महिना १,५०० रुपये मिळतात. योजनेच्या नावात 'निवृत्तिवेतन' आहे. सरकारी बोलण्यात मात्र त्याला 'अनुदान' म्हणतात. शिक्षकाचे देणे आणि तिचे अनुदान, हा भेद कोणत्या न्यायाने केला, याचा जाब ना संपाच्या व्यासपीठावरून विचारला गेला, ना करदात्यांच्या कैवाऱ्यांकडून.