तिसऱ्या सलाइननंतरचे जुलाब

मूत्रपिंडाच्या कर्करोगात दिली जाणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, कर्कपेशींना थेट मारतात, असे सर्रास बोलले जाते. परंतु निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब यांच्याबाबत ते खरे नाही. कर्कपेशीवरील मृत्यूसंवेदकाला चिकटून तिला ॲपॉप्टोसिसकडे, म्हणजे पेशीने स्वतःला क्रमाने संपवण्याच्या क्रियेकडे, ढकलणारी प्रतिपिंडे उंदरांत आशादायक ठरली, पण रुग्णांत तोकडी पडली. वरील दोन औषधे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरील अनुक्रमे पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे लगाम सोडवतात. मोकळी झालेली टी-पेशी कर्कपेशीला भिडते, पर्फोरिनने तिच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि आत शिरलेले ग्रॅन्झाइम हे विकर मृत्यूची साखळी सुरू करते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०९६ रुग्णांच्या चाचणीत मध्यम व अधिक जोखमीच्या गटातील ७५ टक्के रुग्ण या जोडीवर दीड वर्षानंतर हयात होते, तर तुलनेसाठी दिलेल्या सुनिटिनिब या औषधावर ६० टक्के.

मात्र लगाम सुटलेली टी-पेशी निरोगी आतडे, यकृत, फुफ्फुस किंवा थायरॉइडवरही उलटू शकते, आणि हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञाइतकाच गडहिंग्लज-राधानगरीच्या डॉक्टरांचा आहे. रुग्ण कोल्हापुरात किंवा मुंबईत या औषधांचे सलाइन घेऊन गावी परततो, तिसऱ्या सलाइननंतर दिवसातून सहा-सात वेळा जुलाब होऊ लागतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याला लोपरामाइड व प्रतिजैविक मिळते. हा आतड्याचा प्रतिकारजन्य दाह असेल, तर जुलाब थांबल्याचा आभास निर्माण होऊन आतड्याला छिद्र पडण्याची वेळ येऊ शकते. उपचार करणाऱ्या केंद्राशी बोलून, संसर्गाची तपासणी करून, स्टेरॉइड वेळेत सुरू करणे हाच येथे उपाय असतो.

खर्चामुळे कमी मात्रेची विचारणा होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या चाचणीत डोके-मानेच्या कर्करोगात केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही तो निष्कर्ष मूत्रपिंडाच्या कर्करोगाला परस्पर लावणे घाईचे ठरेल.

या प्रतिपिंडांचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतरही कित्येक महिने टिकू शकतो. म्हणून केसपेपरवर ‘चालू औषधे’ या रकान्याखाली ‘गेल्या वर्षभरात अँटिबॉडीचे सलाइन घेतले का?’ ही ओळ छापून घ्यावी आणि उत्तर रुग्णाबरोबरच त्याच्या घरच्यांनाही विचारावे.