हौसेचा खर्च कोणत्या खात्यात?

डिसेंबर जवळ आला की पुण्यातच नव्हे, तर मुंबई, सोलापूर, कोल्हापूर, बेळगावच्याही अनेक घरांत एक प्रश्न निघतो : यंदा ‘सवाई’ला जायचे का? पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव अनेकांच्या वर्षाचा मध्यबिंदू असतो. तरीही उत्तर पुष्कळदा ठरलेले असते. मुलांची फी भरायची आहे, गाडीचा हप्ता आहे, रजा शिल्लक नाही. शिवाय मोबाइलवर सगळे फुकट ऐकायला मिळते, मग तिकीट, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कशाला? कुणाच्या घरी हाच प्रश्न साहित्य संमेलनाचा असतो, कुणाच्या घरी मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनाचा, तर कुणाच्या घरी जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाचा. डॉक्टरची फी आपण ‘गरज’ या खात्यात मांडतो आणि हौसेचे तिकीट ‘चैन’ या खात्यात. आरोग्यशास्त्र या हिशेबाबद्दल काय सांगते, ते पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या सहा हजारांहून अधिक लोकांचा चौदा वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. नाटक, मैफल, संग्रहालय, प्रदर्शन अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातील मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी आढळला. त्याहून लक्षवेधी आकडा दुसरा आहे. वर्षातून जेमतेम एकदा-दोनदा जाणाऱ्यांमध्येही तो १४ टक्क्यांनी कमी होता. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १६ देशांतील पासष्टीपुढच्या सुमारे ९३ हजार लोकांची माहिती तपासली गेली. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक होते.

हे आकडे वाचून कुणी तिकिटाला औषधाची चिठ्ठी समजू नये. जो मैफलीला जातो, त्याच्याकडे बहुधा थोडा पैसा असतो, पायांत बळ असते आणि सोबतीला माणसे असतात. हीच कारणे आयुष्यही वाढवतात. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आजार यांचा हिशेब वजा करून पाहिला. फरक घटला, पण पुसला गेला नाही. अशा निरीक्षणांवरून ‘यामुळेच ते झाले’ असे सिद्ध होत नाही. मात्र ‘हा खर्च वाया जातो’ असे छातीठोकपणे म्हणायलाही आधार उरत नाही.

वर्षातून एकदाच होणाऱ्या गोष्टीत एवढे काय असते? तिचा आनंद त्या चार-पाच दिवसांपुरता नसतो. तारखा कळतात, कलाकारांची यादी येते, मित्रांना फोन होतात. वाट पाहणे तेव्हाच सुरू होते. नेदरलँड्समधील सुमारे दीड हजार लोकांच्या २०१० मधील एका पाहणीत सहलीला निघण्याआधीचे लोक घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक मावळला होता. म्हणजे वाट पाहण्यालाच स्वतःचे मोल आहे. दुसरा भाग आठवणींचा. नव्या सोफ्याची किंवा फोनची मनाला लवकर सवय होते. अनुभवाचे तसे होत नाही. त्याच्या गप्पा होतात, आणि गप्पांत तो नव्याने रंगतो. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च लोकांना अधिक समाधान देतो, हे मानसशास्त्रज्ञांनी २००३ पासून अनेकदा दाखवले आहे.

तिसरा भाग माणसांचा, आणि मोबाइलवरच्या फुकट गाण्याचे उत्तर इथे आहे. ध्वनिमुद्रणात सूर मिळतात. पण समेवर एकाच वेळी डोलणारे हजारो लोक, मध्यंतरातला चहा आणि दरवर्षी त्याच कोपऱ्यात भेटणारी, एरवी ज्यांचे आडनावही ठाऊक नसते अशी मंडळी मिळत नाहीत. १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक नाती भक्कम असलेल्यांची तग धरण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये महोत्सव झाला नाही, तेव्हा रसिकांकडे ध्वनिमुद्रणांची वाण नव्हती. तरीही अनेकांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले.

बरेच लोक जातात, पण अपराधी मनाने. त्याचीही किंमत असते. फुरसत म्हणजे वेळेची नासाडी असे मानणाऱ्यांना फुरसतीचा आनंद कमी मिळतो आणि त्यांच्यात ताण व नैराश्य अधिक दिसते, असे २०२१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडले. केवळ आनंदासाठी केलेल्या गोष्टींत ही घट विशेष होती. म्हणून ‘रक्तदाब उतरतो’, ‘ओळखी वाढतात’ अशी कारणे शोधत बसण्याचीही गरज नाही. गाणे आवडते, हे कारण पुरेसे आहे.

अर्थात, ऋण काढून सण करू नये, हे शहाणपण इथेही लागू आहे. क्रेडिट कार्डावर पाच दिवस काढायचे आणि पुढचे सहा महिने व्याज फेडत झोप उडवायची, यात आरोग्याचा तोटाच आहे. उपाय साधा आहे. हा खर्च डिसेंबरात आठवू नये. जानेवारीपासून दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवावी. पाच दिवस झेपत नसतील तर एक दिवस जावे. खुर्ची परवडत नसेल तर भारतीय बैठक आहेच. वर्षातून एकदा-दोनदा जाणाऱ्यांचा तो १४ टक्क्यांचा आकडा इथे आठवावा.

आणि यंदा खरोखरच जमले नाही तर? आजारपण, नोकरी गमावणे, घरातली अडचण यांमुळे एक वर्ष चुकले तर जगबुडी होत नाही. चार मित्रांनी एका घरी जमून तीन तास गाणे ऐकले, तरी वाट पाहणे, सोबत आणि आठवण यांतले बरेचसे हाती लागते. काळजी दरवर्षी चुकणाऱ्या संधीची करायला हवी. माणसाला नजीकच्या काळात केलेल्या चुका सलतात. मात्र मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची हळहळ अधिक असते, हे मानसशास्त्राचे जुने निरीक्षण आहे.

दरवर्षी चुकणारी ही व्यक्ती अनेक घरांत एकच असते. ‘घरी कुणीतरी थांबायला हवे’ यातली ‘कुणीतरी’ बहुधा बाईच असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. अशा घरात हौसेच्या आड पैशाआधी वेळ येतो, आणि तो घरातल्यांनीच वाटून घ्यायचा असतो. म्हणून यंदाचे अंदाजपत्रक मांडताना दोन गोष्टी ठरवाव्यात : हौसेसाठी दरमहा किती बाजूला काढायचे, आणि त्या दिवसांत घर कोण सांभाळणार.